हळदीची कॅप्सूल, डाळिंबाची साल आणि गाठीचा रक्तपुरवठा

प्रश्न : यजमानांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. किमोबरोबर दर दोन आठवड्यांनी बेव्हॅसिझुमॅब चालू आहे. 'हे औषध गाठीच्या रक्तवाहिन्या रोखतं, हळदही तेच करते' म्हणत नातेवाइकांनी कर्क्युमिन (हळदीतलं द्रव्य) आणि पिपरिन (मिरीतलं द्रव्य) यांच्या कॅप्सूल आणून दिल्या. दिरांची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे, ते सालीचं चूर्ण द्या म्हणतात. दोन्ही चालू करू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कॅप्सूल नको, चूर्णही नको. आमटी-भाजीतली हळद आणि धुऊन सोललेल्या डाळिंबाचे वाटीभर दाणे खुशाल द्या.

नातेवाइकांच्या बोलण्यातलं मूळ खरं आहे. एक-दोन मिलिमीटरपुढे वाढायचं तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, असं अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्यासाठी गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते. बेव्हॅसिझुमॅब नेमकं त्यालाच पकडतं.

कर्क्युमिनचा परिणाम दिसला तो मुख्यतः प्रयोगशाळेत. फलित अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आतल्या पडद्यावर द्रव्याची चकती ठेवतात आणि काही दिवसांनी तिच्याभोवतीच्या वाहिन्या मोजतात. किंवा बाळाच्या नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी जेलवर सोडून त्यांच्या नळ्या होतात का ते बघतात. इथेच फसगत होते. मात्रा जास्त झाली तर पेशी मरतात, नळ्या होत नाहीत आणि 'वाहिन्या रोखल्या' असं वाटतं. त्यातून कर्क्युमिन स्वतःच चमकतं, त्यामुळे प्रकाशावर चालणारी मोजमापंही चुकतात.

आता मात्रेचं बघू. अशा प्रयोगांत कर्क्युमिन बहुधा लिटरला १० मायक्रोमोल (द्रव्य मोजायचं अतिसूक्ष्म एकक) किंवा त्याहून जास्त वापरतात. माणसांना रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तात लिटरला २ मायक्रोमोलसुद्धा भरलं नाही, कारण आतडं आणि यकृत त्याचा लगेच निकाल लावतात. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद पोटात जायला हवी!

पिपरिन घालतात ते हा निचरा अडवण्यासाठी. पण त्याच वाटेने कितीतरी औषधांचाही निचरा होतो. तो अडला की औषध रक्तात साचतं. फोडणीतली चिमूटभर मिरी वेगळी आणि शुद्ध पिपरिन वेगळं. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. किमो चालू असताना यकृताच्या तपासण्या बिघडल्या तर दोष किमोचा की कॅप्सूलचा, हे कळत नाही आणि पुढचा डोस लांबतो. तोटा तुमचाच.

सालीचं म्हणाल तर प्युनिकॅलाजिन हे डाळिंबातलं द्रव्य दाण्यांपेक्षा सालीत कितीतरी जास्त असतं, दीर तिथे चुकत नाहीत. पण ते जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन नावाचं दुसरंच द्रव्य करतात, तेही सगळ्यांच्या पोटात सारखं होत नाही. शिवाय तेल्या या डाळिंबावरच्या रोगासाठी बागेत ज्या फवारण्या होतात, त्यांचा अंश सालीवरच राहतो. घरी वाळवलेल्या सालीला बुरशी धरते आणि किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला जंतुसंसर्ग व्हायला तेवढंही पुरतं. सालीतल्या तुरट टॅनिनमुळे पोट बांधलं जातं ते आणखी वेगळं.

कॅप्सूल आधीच दिल्या असतील तर आजच बंद करा. डबीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कधीपासून किती दिल्या ते लिहा आणि पुढच्या डोसआधी डॉक्टरांना दाखवा. रागावतील म्हणून लपवू नका.

बेव्हॅसिझुमॅबने बीपी चढतं. पाच मिनिटं शांत बसवून सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. वारंवार १४०/९० च्या वर जात असेल तर कळवा (आणि शेंगाचटणीतल्या मिठाकडेही बघा). डोकं फार दुखणं, दिसायला अंधूक होणं, शौचातून रक्त किंवा पोटात अचानक कळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमा उशिरा भरतात, म्हणून दात काढायचा असला तरी आधी विचारा. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस हे औषध देत नाहीत.

प्रश्न : सदाफुलीपासून कर्करोगाचं औषध होतं म्हणे. मग रोज चार पानं चावली तर?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : औषध होतं हे खरं. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही दोन्ही सदाफुलीतलीच. पण पानांत ती अत्यल्प असतात, प्रत्येक झाडात प्रमाण वेगळं असतं आणि ती शिरेतूनच द्यावी लागतात. व्हिन्क्रिस्टीनचा डोस शरीराच्या क्षेत्रफळावरून मिलिग्रॅममध्ये काढतात आणि मोठ्यांना एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण नसा दुखावतात, हातापायांना मुंग्या येतात. पानात इतरही अल्कलॉइड (वनस्पतीतली जोरकस परिणाम करणारी द्रव्यं) असतात. काहींनी रक्तातली साखर उतरते, मधुमेहाची गोळी चालू असेल तर जास्तच. कुंडीतली सदाफुली कुंडीतच राहू द्या.