सुया हाती घेण्याआधी चाचणीची रचना शिका

प्रश्न : मी नांदेडला बीएएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाळी जाण्याच्या काळात आईच्या अंगातून दिवसभर गरम वाफा निघत असत. ॲक्युपंक्चरने तो त्रास बराच कमी झाला. हे शास्त्रीय चाचणी घेऊन सिद्ध करावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी आधी ॲक्युपंक्चरचा डिप्लोमा करू, की क्लिनिकल रिसर्चचा सहा महिन्यांचा कोर्स?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘सिद्ध करावे’ हे शब्द मला खटकले. आईला आलेला गुण खरा आहे. परंतु त्यात सुयांचा वाटा किती आणि काळानुसार त्रास आपोआप ओसरण्याचा वाटा किती, हे एका व्यक्तीवरून सांगता येत नाही. शिवाय बायका उपचाराला बहुधा त्रास कळसाला पोहोचल्यावरच येतात, त्यामुळे त्यानंतर काहीही केले तरी थोडा उतार दिसतोच.

या विषयावर 2016 साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील चाचणीत 209 स्त्रिया होत्या. सहा महिन्यांत वीसपर्यंत वेळा ॲक्युपंक्चर घेतलेल्या गटात वाफांचे प्रमाण 36.7 टक्क्यांनी घटले, तर उपचारासाठी थांबवून ठेवलेल्या गटात ते 6 टक्क्यांनी वाढले. ऑस्ट्रेलियातील 327 स्त्रियांच्या चाचणीत मात्र तुलना लटक्या सुईशी होती. ही सुई बोथट असते, टेकवली की स्वतःच्याच मुठीत, म्हणजे दांड्यात, सरकते आणि त्वचेत शिरत नाही. दोन्ही गटांचा त्रास सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला आणि त्यांच्यात फरक आढळला नाही. ही चाचणी करणाऱ्या डॉ. कॅरोलिन ई स्वतः ॲक्युपंक्चर करतात, तरीही त्यांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा मांडला, याचे मला विशेष वाटते.

या दोन चाचण्या एकमेकींना खोडत नाहीत, कारण त्यांचे प्रश्नच निराळे आहेत. पहिली विचारते की उपचार घेणाऱ्या स्त्रीला न घेणारीपेक्षा बरे वाटते का. दुसरी विचारते की सुई टोचण्यानेच काही साधते का. पहिलीत आपल्याला उपचार मिळाला की नाही, हे प्रत्येकीला ठाऊक असते आणि त्याची छाया ती वाफा ज्यात टिपते त्या नोंदवहीवर पडू शकते. दुसरीत लटकी सुईही त्वचेला स्पर्श करते, अर्धा तास पडून राहण्याची उसंत मिळते आणि कोणीतरी आस्थेने विचारपूस करते, म्हणून तिला साखरेच्या गोळीइतकी निष्क्रिय म्हणता येत नाही. गोळीच्या चाचणीत डॉक्टरलाही अंधारात ठेवता येते. इथे सुई लावणाऱ्याला हातातली सुई कोणती ते कळतेच, म्हणून नोंदी तपासणारी व्यक्ती तरी वेगळी आणि अनभिज्ञ असावी लागते. तुलना कशाशी करायची, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा आहे आणि ते डिप्लोमात शिकवत नाहीत.

सहा महिन्यांचे कोर्स बहुतांशी कागदपत्रे सांभाळायला शिकवतात. त्यातून नोकरी मिळते, रचनेची समज फारशी येत नाही. तुमच्यासाठी सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी अधिक योग्य वाटते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्र यांची माहितीपत्रके पाहा, पात्रतेच्या अटी नीट वाचा आणि संख्याशास्त्र व रोगपरिस्थितीविज्ञान (एपिडेमिऑलॉजी) हे विषय टाळू नका. ॲक्युपंक्चर नंतरही शिकता येईल. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा असल्याने नोंदणीचे नियम मात्र आधी तपासा. चाचणीत सुया लावण्याचे काम तर अनुभवी चिकित्सकाकडे सोपवलेलेच बरे.

इंटर्नशिपच्या वर्षात दोन पानी आराखडा लिहा : कोणत्या स्त्रिया घ्यायच्या, दिवसाला किमान किती वाफा असाव्यात, उपचारापूर्वी किती दिवस नोंदवही भरून घ्यायची, तुलना कशाशी आणि कोणता एकच मुख्य निकष आधी जाहीर करायचा. तो घेऊन महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे जा. नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या भारतातील चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतील नोंदणी पहिली स्त्री सहभागी होण्याआधीच व्हावी लागते, त्यामुळे तुमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या स्त्रियांवर हौसेखातर प्रयोग सुरू करू नका.