घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा नायक

प्रश्न : हॅरॉल्ड लॉईड यांच्या ‘सेफ्टी लास्ट!’ (१९२३) या मूकपटात नायक उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आणि खाली रहदारी स्पष्ट दिसते. लॉईड खरोखरच तेथे लोंबकळत होते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : लॉईड उंचावर होते हे खरे, मात्र त्यांच्या पायांखाली अनेक मजल्यांची पोकळी नव्हती. लॉस एंजेलिसमधील इमारतींच्या गच्चीवर, अगदी कडेजवळ, खोटी दर्शनी भिंत उभारण्यात आली होती आणि कॅमेरा मचाणावर अशा कोनात लावला होता की मधली गच्ची दृश्याबाहेर राहून भिंतीच्या पलीकडे एकदम खालचा रस्ताच दिसावा. नायक जसजसा वर चढतो, तसतशी भिंतीसाठी अधिक उंच इमारत निवडली जाई. त्यामुळे रस्त्यावरील मोटारी क्रमाक्रमाने लहान होत जातात. रस्ता खरा, ऊनही खरे, म्हणूनच आजही हे दृश्य पाहताना तळपायाला घाम येतो.

भिंतीखाली गाद्या अंथरलेला मंच होता. त्याची परीक्षा घेण्यासाठी वरून माणसाएवढा पुतळा टाकला, तर तो गाद्यांवरून उसळून थेट रस्त्यावर गेला, अशी आठवण लॉईड सांगत असत. तेव्हा धोका केवळ दृष्टिभ्रमाचा होता, असे म्हणता येणार नाही. त्यातही १९१९ मध्ये छायाचित्रे काढून घेताना नकली समजून हातात धरलेला बॉम्ब फुटल्याने त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली होती. पडद्यावर दिसणारा तो धडधाकट हात म्हणजे खास बनवलेला हातमोजा आहे.

अर्थात सारी चढाई त्यांची एकट्याची नाही. दुरून घेतलेल्या काही दृश्यांत बिल स्ट्रॉदर चढताना दिसतात. इमारतींवर चढण्याचे खेळ करणाऱ्या याच गृहस्थांना पाहून लॉईड यांना चित्रपटाची कल्पना सुचली होती. स्ट्रॉदर यांनी नायकाच्या मित्राची भूमिकाही केली आहे. खरे तर चढायचे असते या मित्राने. पण पोलीस पाठीस लागल्यामुळे तो ‘आणखी एकच मजला चढ’ असे सांगत राहतो आणि बिचारा नायक, म्हणजे दुकानातला विक्रेता, शेवटपर्यंत चढतच जातो. आमच्या मते घड्याळाइतकीच गंमत या टाळाटाळीत आहे. आणखी एक नवल असे की चढाई आधी चित्रित झाली आणि चित्रपटाच्या आरंभीची दुकानातली कथा तिला साजेशी मागाहून रचली गेली.