कॉलेजच्या नाट्यग्रुपमधल्या गेलेल्या मित्रांची आठवण कशी ठेवावी?

तुमचा प्रश्न असा: ग्रुपमधले तिघं गेल्या काही वर्षांत गेले, त्यांच्या नावाने एकांकिका स्पर्धा आणि फिरता करंडक सुरू करावा असं जुन्या मंडळींचं चाललंय, तर ते योग्य होईल का?

माझं मत विचाराल तर नको. आम्ही हे करून बसलोय.

मी अमळनेरकडच्या एका कॉलेजात नाटक करायचो. करायचो म्हणजे लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलायचो आणि फ्लॅटला, नेपथ्याच्या उभ्या भिंतीला, मागून टेकू द्यायचो. रंगमंचावर तोंड दाखवलं ते एकदाच, पोस्टमनच्या कामात. आमच्यातले दोघं गेले. लाइट करणारा मित्र हायवेवर, मोटारसायकलवरून जाताना. प्रॉम्प्टिंग करणारी, म्हणजे नट अडला की विंगेतून शब्द सांगणारी मैत्रीण २०२१ च्या एप्रिलात, करोनात. तिच्या वेळी तर आम्हाला जाताही आलं नाही.

मित्राच्या नावाने करंडक काढला. भला मोठा फ्लेक्स, हार, समई, प्रमुख पाहुणे. पाहुण्यांनी भाषणात त्याला 'गुणी नट' म्हटलं. त्या माणसाने जन्मात तोंडाला रंग लावला नव्हता! पहिल्या रांगेत त्याचे वडील मान खाली घालून बसले होते, ते शेवटपर्यंत वर बघेनात. तिसऱ्या वर्षी वर्गणी आटली आणि करंडक कपाटात गेला. मैत्रीण गेल्यावर तिच्या घरच्यांनी विचारलं, त्याचा करंडक होता, मग आमच्या पोरीचं काय? याला उत्तर नव्हतं.

कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतल्या पुरुषोत्तम करंडकाचंच बघा. १९६३ पासून कॉलेजची पोरं त्यासाठी जीव टाकतात, 'अरे आव्वाज कुणाचा' करून घसे बसवतात. हा करंडक पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेचे सरचिटणीस पुरुषोत्तम रामचंद्र वझे यांच्या स्मरणार्थ सुरू झाला. आता त्या ओरडणाऱ्या पोरांपैकी एकाला विचारा, पुरुषोत्तम कोण? मी स्वतः दोन वर्षं स्पर्धेत होतो, मलाही नंतर कळलं. आणि तिथे करंडक टिकला, कारण मागे संस्था आहे. आपल्यामागे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ज्यावर सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येतात.

आम्ही आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भेटतो. मराठी रंगभूमी दिन, ५ नोव्हेंबर, आधी करून पाहिला. पण तो कधी दिवाळीच्या गर्दीत सापडतो, कधी परीक्षांच्या तोंडावर. आखाजीला मात्र अख्खा खान्देश घरी असतो. पुण्या-सुरतेला गेलेले गावी येतात, आणि मुख्य म्हणजे लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. नाहीतर अशा कार्यक्रमाला आम्ही पुरुषच उरतो. शिवाय तो दिवसच पितरांचा. सकाळी घरोघरी घागर भरलेली असते, वर डेरगं म्हणजे छोटं मडकं, खरबूज, सांजोऱ्या, चुलीपाशी पितरांच्या नावाने विस्तवात घास, म्हणजे आगारी टाकलेली. ग्रुपतर्फे आम्ही विधी काही करत नाही, सगळ्यांच्या घरी घागर भरत नाहीत. फक्त तारीख उसनी घेतली.

संध्याकाळी तालमीच्या जुन्या हॉलमध्ये एका जुन्या एकांकिकेचं वाचन होतं. भाषण नाही, फोटोला हार नाही. सुरुवातीला श्रेयनामावली वाचतो, जशी प्रयोगाआधी वाचायचो तशीच: प्रकाशयोजना अमुक, प्रॉम्प्टिंग तमुक. 'कैलासवासी' लावत नाही. यावर आमच्यात भांडण झालं होतं, अजूनही एक जण रुसलेला आहे.

मागल्या वर्षी लाइटवाल्याची आई आली. लाइट कमीजास्त करायचा जुना डिमर आम्ही भंगारात जाऊ दिला नव्हता. टेबलावर तो बघून तिने विचारलं, "मना पोऱ्या आठेच बसे का?" म्हणजे माझा पोरगा इथेच बसायचा का? होय म्हटल्यावर खुर्ची ओढून बसली आणि कुठली दांडी कशाची ते एकेक विचारलं. तिसऱ्या दांडीवर त्याने चिकटपट्टी लावून पेनने 'हळू' लिहिलेलं होतं. ती दांडी झटक्याने वर जायची, म्हणून. आईने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, घरी कधी हळू दार लावलं नाही त्याने. सगळे हसले, तीही हसली.

म्हणून सांगतो, आधी वस्तू शोधा. तिघांपैकी कोण काय करायचं, त्याचं हत्यार कुणाच्या माळ्यावर पडलंय? मेकअपची पेटी, पार्श्वसंगीताच्या कॅसेट, नेपथ्याचा कागद. नटाचे फोटो सापडतातच, विंगेतल्या माणसाचा एकही सापडत नाही. घरच्यांना निमंत्रणपत्रिका पाठवू नका, जाऊन बोलवा. आणि ते आले नाहीत तर पुन्हा आग्रह नको.

प्रॉम्प्ट कॉपी, म्हणजे प्रॉम्प्टिंगची संहितेची वही, मिळाली तर सोनं समजा. आमच्या मैत्रिणीच्या वहीत समासात पेन्सिलने लिहिलंय, "इथे हा विसरतो." तो 'हा' आज बँकेत मॅनेजर आहे आणि वाचनात बरोबर तिथेच अडखळतो. तेव्हा वहीतून पुढचा शब्द कुणीतरी हळूच सांगतं.

पण पेन्सिल दरवर्षी पुसट होतेय. झेरॉक्सवर ती नीट उमटत नाही, आम्ही दोनदा करून पाहिलं. खिडकीशी वही धरा, उजेड तिरपा पडू द्या आणि पानापानाचा मोबाइलने फोटो काढा. हे या आठवड्यातच करा, स्पर्धेचं नंतर बघू.