वाचक विचारतात : शेजाऱ्यांचं आपल्याशी नेमकं बिनसतं कुठे?

या वेळी टपालात सगळे प्रश्न शेजारी देशांवरच आलेत. सगळ्यांना जागा नाही, म्हणून चार घेतलेत.

प्रश्न : नेपाळला पेट्रोल आपण देतो, त्यांची मुलं आपल्या सैन्यात आहेत, ये-जा करायला पासपोर्टही लागत नाही. तरी तिकडे आपल्याविरुद्ध घोषणा. एवढं करून वर शिव्याच खायच्या का?
(निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : काका, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला सारखा येत असतो, आणि त्यामागचा राग मला कळतो. पण २०१५ हे एकच वर्ष घ्या. एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि आपली विमानं काही तासांत काठमांडूला उतरली, त्याबद्दल तिकडच्या लोकांनी आभारही मानले. मग २० सप्टेंबरला त्यांनी नवी राज्यघटना लागू केली. तराईतल्या, म्हणजे आपल्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातल्या मधेशी लोकांना ती अन्यायाची वाटली, ते सीमेवर वीरगंजच्या पुलावर येऊन बसले, आणि पलीकडे आपल्या रक्सौलला ट्रकची रांग लागली ती लागलीच. दिल्लीचं म्हणणं, आम्ही काही बंद केलेलं नाही, आंदोलन तुमच्या हद्दीत आहे, ड्रायव्हर घाबरतात त्याला आम्ही काय करू. काठमांडूचं म्हणणं, मग जिथे आंदोलन नाही त्या नाक्यांवरूनही गाड्या का येत नाहीत?

हे जवळजवळ पाच महिने चाललं. आता तुम्ही काठमांडूतल्या एका घराचा विचार करा, भूकंपात भिंतीला तडे गेलेत, थंडी सुरू झालीय, सिलिंडर संपलाय आणि शहरातली बाई गच्चीवर लाकडं पेटवून भात शिजवतेय. पंपावर रांग, बसच्या टपावर माणसं. त्या घरातल्या पोराला एप्रिलमधली विमानं आठवतील की ती चूल? मला स्वतःला असं वाटतं की मधेशींना न्याय द्या हे आपलं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ते मांडायची तऱ्हा चुकली, आणि त्याचा सगळा फायदा त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान ओली यांनी उचलला. मार्च २०१६ मध्ये ते बीजिंगला जाऊन चिनी बंदरं वापरायचा करार करून आले. कुठे आपलं कोलकाता बंदर आणि कुठे चीनचं तियानजिन, तिकडून माल आणणं परवडणारच नव्हतं, पण मुद्दा मालाचा नव्हताच हो, दिल्लीला दाखवायचा होता. पुढच्या वर्षीची निवडणूक त्यांच्या डाव्या आघाडीने दणक्यात जिंकली.

आणि गंमत अशी की २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पेट्रोलियम पाइपलाइन आपणच सुरू करून दिली. म्हणजे इंधन अजून आपलंच जातं, फक्त ते ट्रकच्या रांगेत अडकत नाही. याचं कौतुक तिकडे फार झालं नाही, पण शिव्याही पडल्या नाहीत, आणि माझ्या मते शेजाऱ्याकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ.

प्रश्न : आमचा कांदा पूर्वी बांगलादेशला हमखास जायचा, आता ते कधी घेतात कधी घेत नाहीत, भरवसाच उरला नाही. हा परराष्ट्र खात्याचा विषय आहे की शेतीचा?
(कांदा उत्पादक, निफाड तालुका)

उत्तर : दादा, दोन्हीचा, आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न उलटा करून ढाक्यातला व्यापारीही विचारतो की भारताचा भरवसा उरला नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण कांद्याची निर्यात एकदम बंद केली. त्यानंतर आठवड्याभरातच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या, आणि उद्योगपतींसमोर भाषण करता करता मध्येच हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, कांदा घालू नकोस. सभागृह हसलं. पण त्यांनी पुढे हेही सांगितलं की बंद करायचंच असेल तर थोडं आधी कळवत जा. आपल्याकडे बातमी हशाची झाली, मागणी राहिली बाजूला.

कारण पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, परत तेच. सीमेवर उभ्या ट्रकांतला कांदा जागेवर सडला. मग डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी कारण इथलंच, शहरात भाव चढले की सरकारला घाम फुटतो, निवडणूक जवळ असेल तर जास्तच. तुमचं नुकसान झालं ते तर झालंच, पण पलीकडच्या बाजारात रात्रीत भाव कडाडले आणि तिथल्या गिऱ्हाइकाने त्यासाठी नाव घेतलं ते भारताचं, लासलगावचं नाही. मग त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणला, घरची लागवड वाढवायला घेतली, आणि आता स्वतःच्या शेतकऱ्याचा माल बाजारात आला की आयातीचे परवाने रोखून धरतात. आपण जे केलं तेच ते करतायत, त्यांना तरी काय म्हणणार.

बंदीची तारीख ठरवणाऱ्यांच्या बैठकीत ढाक्याचा विचार कोणी मांडतं का, हे मला माहीत असतं तर बरं झालं असतं. निकाल बघून तरी तसं वाटत नाही.

प्रश्न : मालदीवने आपले सैनिक घालवले, मग त्यांनाच पुन्हा पैसे कशाला?
(गृहिणी, नागपूर)

उत्तर : ताई, आधी आकडा बघा. तिथे आपले सैनिक होते शंभराच्याही आत, दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवायला, त्यांचं बरंचसं काम म्हणजे लांबच्या बेटावरचा पेशंट मालेच्या हॉस्पिटलात पोचवणं. पण देश पाच लाख वस्तीचा, आणि एवढ्याशा देशात परक्या देशाचा गणवेश दिसणं हा निवडणुकीचा मुद्दा होऊ शकतो, तो झाला, ‘इंडिया आऊट’ अशी मोहीमच चालली आणि २०२३ मध्ये मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. १० मे २०२४ पर्यंत सगळे सैनिक परत आले, त्यांच्या जागी साध्या वेशातले आपलेच तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टर तीच, पेशंट तेच.

त्याआधी जानेवारीत त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वेडंवाकडं लिहिलं, त्यांना निलंबित केलं गेलं, आणि आपल्याकडे मोबाईलवर बहिष्काराचं जे काही उसळलं ते तुम्ही पाहिलंच असेल. सरकारने मात्र त्यांच्या राजदूताला बोलावून नाराजी कळवली आणि पुढे तोंड आवरलं. हे मला आवडलं. कारण सैनिक परतल्यावर महिन्याभरात, जूनमध्ये, मुइझ्झू आपल्या पंतप्रधानांच्या शपथविधीला दिल्लीत हजर, ऑक्टोबरमध्ये परत आले तेव्हा तिजोरीत डॉलर संपत आले होते आणि आपण ४० कोटी डॉलर आणि वर ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे कोण, तर आपले पंतप्रधान.

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये भाडोत्री लोकांनी तिथे उठाव केला होता तेव्हा आग्र्याहून आपले पॅराट्रूपर रात्रीत पोचले होते, आणि काम झाल्यावर बहुतेक जण थोड्याच दिवसांत परतले. तेव्हा कोणी आऊट म्हणालं नाही. तिकडे कुणाला आपलं येणं खुपत नाही, येऊन बसून राहणं खुपतं, असं मला दिसतं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेला ‘गुजराल डॉक्ट्रीन’ पाठ करून घेतात. ते प्रत्यक्षात कधी चाललं का? आणि सार्क कुठे गेलं?
(विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सार्कचं, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचं, पटकन सांगतो. शेवटची शिखर परिषद २०१४, काठमांडू. २०१६ ची इस्लामाबादला व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर आपण गेलो नाही, आणखी काही देशांनीही माघार घेतली, तेव्हापासून सचिवालय काठमांडूत आहे आणि शिखर परिषद कुठेच नाही. परीक्षेपुरतं एवढं बस.

गुजरालांचं म्हणणं साधं होतं, नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव, श्रीलंका यांच्याशी वागताना तू दिलंस तर मी देईन असा हिशोब मोठ्या देशाने धरू नये. चाललं का? एकदा तरी नक्की. १२ डिसेंबर १९९६ चा बांगलादेशशी झालेला गंगा पाणीवाटप करार. देवेगौडा पंतप्रधान, गुजराल परराष्ट्रमंत्री, आणि पश्चिम बंगालच्या ज्योती बसूंनी स्वतः पुढाकार घेतला, ते महत्त्वाचं. गंगेवरचं आपलं फरक्क्याचं धरण १९७५ पासून भांडणाचं मूळ होतं. करारात ठरलं की जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं, ७० ते ७५ हजारांत बांगलादेशला ३५ हजार, त्यावर गेला तर ४० हजार आपल्याला. उलट २०११ मध्ये तीस्तेचा करार सहीपर्यंत आला आणि ममता बॅनर्जींनी ढाक्याला जायलाच नकार दिला, तो अजून तसाच. पाणी हा राज्याचा विषय असतो रे, राज्याला डावलून वाटणी करणं दिल्लीला राजकीयदृष्ट्या जड जातं, हे तुझ्या नोट्समध्ये लिहून ठेव.

गंगेचा करार ३० वर्षांचा, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना ढाका सोडून इकडे आल्यावर दोन्ही देशांचं बोलणं किती आटलं ते तू पेपरात वाचलंच असशील. तरी मार्च २०२५ मध्ये बांगलादेशचे इंजिनियर ठरल्याप्रमाणे फरक्क्याला आले होते. करारच तसा आहे, कोरड्या महिन्यांत दोन्हीकडची माणसं रोज एकत्र उभी राहून पाणी मोजतात.