डॉलरमध्ये एस कुठून आला?

प्रश्न असा आलाय की डॉलर हा शब्द डी पासून सुरू होतो मग चिन्हात एस कशाला, आणि अमेरिकेच्या नावातलं 'यू' हे अक्षर 'एस'वर ठेवलं, पुढे यूचं बूड गळालं आणि दोन उभ्या रेघा उरल्या, हे खरं का?

ही गोष्ट भारीच आहे, पण मग मेक्सिको, चिली, अर्जेंटिना हे देश आपल्या पेसोला तेच चिन्ह लावतात, त्यांनी काय अमेरिकेचं नाव मिरवायचं का? दुसरी एक कथा स्पॅनिश नाण्यावरच्या दोन खांबांची, त्यांना गुंडाळलेली पट्टी म्हणजे एस. नाण्यावर खांब होते हे खरं, ही थाप जरा तरी खानदानी आहे.

पटणारं उत्तर मात्र अगदीच कारकुनी आहे. अमेरिकेत तेव्हा स्पेनचे पेसो चालायचे, हिशेब लिहिताना अनेकवचनी पेसोसाठी पी आणि वर बारीक एस असं खरडायचे. घाईत ही दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली, पीचं पोट गेलं, दांडा राहिला, आणि एसला भाला खुपसल्यासारखं चिन्ह तयार झालं! न्यू ऑर्लिन्सचा व्यापारी ऑलिव्हर पोलॉक याच्या १७७८ च्या कागदांत हा प्रकार दिसतो, आणि अमेरिकेचा स्वतःचा डॉलर कायद्याने ठरला १७९२ मध्ये, म्हणजे बाळाच्या आधी बाळाचं टोपडं तयार. शिवाय स्पॅनिश नाणी तिथे १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती, त्यामुळे चिन्ह बदलायची कुणाला गरजच पडली नाही.

आता शब्दाचं म्हणाल तर तो तिसरीकडचाच. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, योआखिम्सथाल नावाचं चांदीच्या खाणींचं गाव, सोळाव्या शतकात तिथल्या नाण्याला योआखिम्सथालर म्हणायचे, एवढं लांबलचक कोण बोलणार, म्हणून पुढचं सगळं छाटून नुसतं थालर, आणि ते फिरत फिरत इंग्रजीत डॉलर. थाल म्हणजे जर्मनमध्ये दरी, तर डॉलर म्हणजे शब्दशः 'दरीवाला'. (आपल्या थाळीशी काही संबंध नाही, कुणी जोडायच्या आत सांगून ठेवतो.)

थोडक्यात नाव जर्मन, चिन्ह स्पॅनिश. आणि पौंडाचंही तेच हो, शब्द पी चा, चिन्ह एलचं, कारण लॅटिनमधला लिब्रा, म्हणजे वजनाचा पौंड. तिकडे कुणी कथा रचत नाही, डॉलरवरच सगळ्यांचा डोळा.