निर्बंध, विमा आणि अडकणारे दावे

प्रश्न : आम्ही न्हावा-शेवामार्गे रशियाला द्राक्षं पाठवतो. यंदा पॉलिसीला ‘सँक्शन लिमिटेशन अँड एक्स्क्लुजन क्लॉज’ जोडून आला आहे. द्राक्षांवर बंदी नाही, भारतानेही रशियावर निर्बंध घातलेले नाहीत. मग आमचा दावा अडेल का? – एक निर्यातदार, निफाड

उत्तर : अडू शकतो, आणि तो बहुतेकदा मालामुळे नव्हे तर कागदावरच्या एखाद्या नावामुळे अडतो. कलम सांगतं ते एवढंच : दाव्याचे पैसे दिल्याने संयुक्त राष्ट्रं, युरोपीय संघ, ब्रिटन किंवा अमेरिका यांचे निर्बंध कंपनीवर ओढवणार असतील, तर ती पैसे द्यायला बांधील नाही. तुमची विमा कंपनी भारतीय असली तरी जोखमीचा काही भाग अनेकदा लंडन-युरोपातल्या पुनर्विमा कंपन्यांकडे (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) असतो. त्यांनी हात वर केले तर सगळा भार तुमच्या विमा कंपनीवर येईल, म्हणून तेच कलम तुमच्या पॉलिसीत येतं.

कंटेनर भरण्याआधी खरेदीदार, कन्साईनी (ज्याच्या नावे माल जातो तो), नोटिफाय पार्टी (माल पोहोचल्याची सूचना ज्याला मिळते तो), पैसे पाठवणारी बँक आणि जहाज यांची नावं अमेरिकेच्या ‘ओफॅक’च्या (निर्बंध राबवणारं सरकारी कार्यालय), ब्रिटनच्या आणि युरोपीय संघाच्या याद्यांत शोधा. याद्या ऑनलाइन फुकट बघता येतात. नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकी नियमानुसार यादीतल्या लोकांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी यादीत नसली तरी निर्बंधांखालीच धरली जाते. त्यामुळे खरेदीदाराकडून भागधारकांची माहिती लेखी घ्याच.

जहाजाचं नाव बदलतं, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) बदलत नाही. तो सात आकडी असतो आणि खरा वाटतो का, हे कागदावर तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घेतला तर बेरीज १३९ येते, म्हणजे ९ जुळला. ट्रान्सशिपमेंट (वाटेत माल दुसऱ्या जहाजावर चढवणं) असेल तर दुसऱ्या जहाजाचाही क्रमांक मागा. तिथेच बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. शोधाचे प्रिंट तारखेसह फाइलला लावा.

तरीही दावा नाकारला, तर कोणत्या कायद्याखाली, कोणत्या यादीतल्या कोणत्या नावामुळे, हे लेखी विचारा. इराणला गेलेल्या पोलादाच्या चोरीच्या दाव्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की निर्बंध लागण्याची नुसती भीती पुरत नाही, पैसे देणं खरोखर निषिद्ध असावं लागतं. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला भक्कम आहे. रशियाबाबत अमेरिकेने शेतमालाच्या व्यवहारांना सर्वसाधारण परवाना दिलेला आहे, त्याचाही हवाला द्या.

प्रश्न : मुलाला तेलाच्या टँकरवर नोकरी मिळते आहे. एजंट म्हणतो, विमा ‘रशियन कंपनीचा, एकदम पक्का’. काय बघावं? – एक पालक, रत्नागिरी

उत्तर : जगातल्या समुद्री जहाजांपैकी टनभाराने सुमारे ९० टक्के जहाजांचा दायित्व विमा (खलाशी, प्रदूषण वगैरेंच्या नुकसानभरपाईचा) ‘इंटरनॅशनल ग्रुप’च्या १२ पी अँड आय क्लबांकडे, म्हणजे जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थांकडे आहे. ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ आणि युरोपीय देशांतल्या विमा कंपन्यांना रशियन कच्चं तेल ठरलेल्या कमाल दरातच (सुरुवातीला पिंपाला ६० डॉलर) विकलं असेल तर विमा देता येतो. या चौकटीबाहेरची जहाजं इतर विमा कंपन्यांकडे गेली. त्यांपैकी ‘इंगोसस्त्राख’ आणि ‘अल्फास्त्राखोवानिये’ या रशियन कंपन्यांवर अमेरिकेने १० जानेवारी २०२५ रोजी निर्बंध घातले. विमा कंपनीच निर्बंधांच्या यादीत असेल तर भरपाईचे डॉलर बँकेत अडकतात, कंपनीची नियत कितीही चांगली असो. भारतीय बंदरात जहाजाला प्रवेश मिळतो, यावरून कुटुंबाला पैसे मिळतील असं धरू नका.

करारावर सही करण्याआधी एजंटाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) क्रमांक आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक घ्या. जहाजाचा क्रमांक देत नसेल तर ही नोकरी सोडा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सागरी कामगार करार (एमएलसी) या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावर दोन आर्थिक हमीपत्रं दर्शनी जागी लावलेली असावी लागतात : एक मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतच्या थकीत पगारासाठी, दुसरं मृत्यू व अपंगत्वाच्या भरपाईसाठी. दोन्हींच्या प्रती आधीच मागवा. विमा कंपनीचं नाव, मुदत आणि संपर्क बघा. जहाजाने झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, अलीकडे बदलला असेल तर त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाला ईमेल करून नोंदणी खरी असल्याची खात्री करा. खोट्या झेंड्याखालच्या जहाजावरचं हमीपत्र संकटात उपयोगी पडत नाही.