चारही कोपरे एकदम धरणारा क्लॅम्प

प्रश्न : आजेसासूबाईंनी भरलेले रुमाल पेटीत पडून होते. ते काचेत बसवावेत म्हणून मी घरच्या घरी फ्रेम करायला घेतल्या आहेत. फणसाच्या पट्ट्या घरच्याच आहेत. ४५ अंशाचा काप लाकडी साच्यात करवत घालून घेते. तीन कोपरे जमतात, चौथा उघडा राहतो, आणि फेव्हिकॉल लावला की पट्ट्या सरकायला लागतात. बाजारातून कोपऱ्याचा एक क्लॅम्प आणला, पण त्यात एका वेळी एकच कोपरा धरता येतो. घरी करता येईल असं काही सांगाल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, तो क्लॅम्प बाजूला ठेवा. एकेक कोपरा पक्का करत गेलं की आधीच्या तिन्ही कोपऱ्यांतली बारीकसारीक चूक चौथ्याच्या माथी येते. फ्रेमचे चारही कोपरे एकदम आणि सारख्या जोराने आवळायचे असतात. तसा क्लॅम्प प्लायवुडच्या तुकड्यांतून सहज होतो.

पण आधी त्या उघड्या कोपऱ्याचं बघू. एका फ्रेमला आठ काप येतात. प्रत्येक काप अर्धा अंश एकाच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंश साठतात. चार सेंटिमीटर रुंद पट्टीला ही फट चांगली सव्वा सूत, म्हणजे साधारण चार मिलिमीटर दिसते. फट आतल्या बाजूला असेल तर पट्टीचं टोक जास्त निमुळतं कापलं गेलंय. बाहेरच्या बाजूला असेल तर बोथट राहिलंय. साचा जुना झाला की त्याच्या खाचा रुंदावतात आणि करवत आत डुलते. म्हणून पट्टी किंचित लांब ठेवून कापा आणि ४५ अंशाच्या ठोकळ्याला पट्टी टेकवून धारदार रंध्याचा पातळ हात मारा. मग समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या धरा आणि टोकांवरून अंगठा फिरवा. नखाला पायरी लागली तर लांबी सारखी नाही, आणि मग कोन कितीही बिनचूक असला तरी फ्रेम जुळायची नाही. आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हा ही अंगठ्याची परीक्षा झाल्याशिवाय मी मुलांच्या हाती फेव्हिकॉल देत नसे.

आता क्लॅम्प. तुम्हाला पाच-सहाच फ्रेम करायच्या असतील तर दोरीचा पुरे. १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचे सहा सेंटिमीटरचे चार चौकोनी ठोकळे घ्या. प्रत्येकातून एक कोपरा कापून काढायचा, म्हणजे एल आकार उरतो. आतला कोन जिथे येणार तिथे आधी आठ मिलिमीटरचं भोक पाडा आणि मग करवत चालवा. हे भोक टाळू नका. फ्रेमचं नाजूक टोक त्या पोकळीत राहतं, चेपत नाही, आणि बाहेर आलेल्या फेव्हिकॉललाही तिथे जागा मिळते. आतला कोन गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून तपासा. बाहेरची बाजू कानशीने गोल करून तिला दोरीपुरती खाच पाडा. आतल्या बाजूंना खोक्यांची चिकटपट्टी लावा, नाहीतर मेणबत्ती घासा.

दोरी सुती आणि जाड घ्या. नायलॉनची ताणत राहते. चार ठोकळ्यांभोवती दुहेरी फिरवून बांधा. दोन पदरांत पेन्सिलीएवढी काठी घालून पीळ द्या. चौकटीच्या जुन्या करवतीचं पातं असंच पीळ देऊन ताणतात. कोपऱ्यावर दोरी घासते आणि एका बाजूचा ताण दुसरीकडे पुरता पोचत नाही, म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन काठ्या घाला आणि आळीपाळीने फिरवा.

पुढे फ्रेम करतच राहणार असाल तर चार हातांचा क्लॅम्प करा. मला विचाराल तर माझं मन याच्यावरच आहे, कारण एकच नट फिरवला की चारही कोपरे आत येतात. हातांसाठी ३५ सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्या घ्या आणि त्यांना अडीच-अडीच सेंटिमीटरवर सहा मिलिमीटरची भोकं पाडा. एल ठोकळे बोल्टने या भोकांत बसतात. फ्रेम लहान-मोठी असेल तसं भोक बदलायचं. आणखी दोन आखूड पट्ट्या लागतील, १५ सेंटिमीटरच्या, सागाच्या किंवा तशाच घट्ट लाकडाच्या. प्रत्येक आखूड पट्टीच्या दोन टोकांना दोन लांब हात बोल्टने सैलसर जोडा, म्हणजे ते कात्रीसारखे उघडमिट होतील. दोन्ही आखूड पट्ट्यांच्या मधोमध आरपार भोक पाडून आठ मिलिमीटरची आटे पाडलेली सळई घाला (दुकानात थ्रेडेड रॉड म्हणून मागा, ४० सेंटिमीटर पुरते). दोन्ही टोकांना वायसर आणि विंग नट (बोटांनी फिरवायचा, दोन पंखांचा). दीड बाय दोन फुटांची फ्रेम यात आरामात बसते.

मांडताना क्लॅम्पचे हात खाली, फ्रेम वर, आणि फ्रेमचं तोंड आपल्याकडे. सळई लांब बाजूला समांतर ठेवा. चारही हात फ्रेमच्या बाजूंशी साधारण ४५ अंशांत पसरले पाहिजेत, तरच दोन्ही पट्ट्यांवर सारखा दाब येतो. हात कलले की एक पट्टी दुसरीवरून घसरते. तुमच्या पट्ट्या सरकण्याचं कारण हेच असमान दडपण. ठोकळा पट्टीच्या जाडीच्या मध्यावर टेकतोय ना, तेही बघा. तो फार खाली टेकला तर मागून जोड बंद आणि पुढून उघडा, असं होतं.

आधी फेव्हिकॉल न लावता एकदा आवळून बघा. फ्रेम उजेडासमोर धरा. जोडातून उजेड दिसला तर परत रंधा. कापलेल्या तोंडावर लाकडाच्या रेषांची तोंडं उघडी असतात आणि पहिला थर ती पिऊन टाकतात. म्हणून पातळ हात देऊन पाच मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. नट हळूहळू फिरवा आणि जोडाच्या रेषेकडे बघत राहा. आधी रेष ओलसर दिसते, मग तिच्यावर मोहरीएवढे पांढरे थेंब ओळीने उभे राहतात. ते आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत आले की थांबा. त्यापुढे आवळलं तर जोडातला फेव्हिकॉलच निघून जातो आणि पातळ पट्ट्या मधे वाकतात. थेंब ओल्या फडक्याने लगेच पुसा. राहिलेल्या डागावर पॉलिश चढत नाही. मग टेपने दोन्ही कर्ण मोजा. फरक निघाला तर लांब कर्णाची दोन टोकं हाताने आत दाबा आणि पुन्हा मोजा.

रात्रभर हात लावू नका, आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात तर पुरते २४ तास. त्याहून बरं म्हणजे फ्रेम पावसाळ्यात करूच नका. ओलसर हवेत लाकूड रुंदीत फुगतं. तेव्हा कापलेला जोड हवा कोरडी झाली की आतल्या बाजूने उघडतो. फणसाची पट्टी नीट वाळलेली नसेल तर हे हमखास होणार.

काचेसकट फ्रेम भिंतीवर टांगायची, म्हणजे नुसत्या फेव्हिकॉलवर भिस्त ठेवू नका. जोड सुकल्यावर बाहेरच्या कोपऱ्यात करवतीचा एक आडवा काप घ्या आणि त्यात त्याच जाडीची लाकडाची पातळ पट्टी फेव्हिकॉल लावून बसवा. सुकली की बाहेर राहिलेला भाग पटाशीने छाटून पॉलिश पेपर मारा. खिळे ठोकायचेच असतील तर बारीक घ्या आणि आधी भोक पाडा, नाहीतर टोकाशी पट्टी फाटते.